अक्काची खूण

त्वचा

सकाळी डोळे उघडायच्या आत दिगंबरची बोटं डाव्या मनगटावर जायची. डायलिसिससाठी तिथे नस आणि धमनी जोडलेली होती. आत थरथर चाले, तानपुऱ्याच्या तारेसारखी. मिरजेत तानपुऱ्यांची जवारी लावण्यात, तारांचा झंकार जुळवण्यात त्याची हयात गेली होती, त्यामुळे ती थरथर त्याला जवळजवळ ऐकूच येई. अक्काचं, म्हणजे थोरल्या बहिणीचं, मूत्रपिंड बसल्यापासून त्या थरथरीचं काम संपलं होतं. सवय तेवढी उरली होती.

आज बोटं तिथे पोचलीच नाहीत.

वाटेत गाठ लागली. कडक. दंडावर दुसरी. पोटावर...

त्वचेखाली

प्रयोगशाळेत डॉ. आरवाडेंनी गाठीचा तुकडा पडद्यावर मोठा केला.

"लसिकापेशी आहेत, रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकीच. बेसुमार वाढल्यात. यकृतातही उतरल्यात."

"पण मी तर गोळ्या घेतच नाही, मॅडम. मला तुमचा ओळखपाठ दिलाय."

पूर्वी परकं मूत्रपिंड टिकावं म्हणून शरीराच्या सगळ्या रक्षकपेशी गोळ्यांनी झोपवत, आणि मग असल्या गाठी उठत. आरवाडेंनी वेगळी वाट काढली होती. ज्या पेशीवर अक्काची खूण दिसेल ती आपली, बाकी कुणालाही सोडू नका, असं त्यांनी दिगंबरच्या रक्षकांना शिकवलं होतं.

"मग हे रक्षक काय करतायत?"

"शिकवलं तेच. गाठींवर अक्कांची खूण आहे."

रक्त

"मूत्रपिंडाबरोबर त्यांच्या थोड्या पांढऱ्या पेशी आल्या. त्यांत एक विषाणू लपलेला होता. अक्कांच्या अंगात त्याला डोकं वर काढता येत नाही. तुमच्यात आलं, आणि त्या पेशी वाढत सुटल्या."

"असं कसं?"

"घरच्या पोराचा कान घरचे धरतात. पाहुण्याला कोण बोलणार? आणि हा पाहुणा मानाचा, असं मीच शिकवून ठेवलंय."

दिगंबरला डायलिसिसचे दिवस आठवले. मशिनची ती खुर्ची, पाण्याचा मोजून घोट. मग म्हणाला, "पाठ पुसून टाका. मूत्रपिंड गेलं तर गेलं."

"पुसता येत नाही. जन्मभर टिकावा म्हणूनच तसा केला."

तो हसला. "तुमचं काम फार पक्कं असतं, मॅडम."

मूत्रपिंड

गाठींवर सोडायला तिचे रक्षक हवेत म्हटल्यावर अक्का बाही वर करूनच आत आली. "काढा किती काढायचं ते. याला लहानपणापासून माझंच खायची सवय आहे."

काचेच्या बशीत अक्काच्या रक्षकांनी गाठीचा फडशा पाडला. मग डॉक्टरांनी त्याच बशीत दिगंबरच्या निरोगी कातडीचा कण टाकला. त्याचाही पाडला.

"त्यांना तुम्ही परके," आरवाडे म्हणाल्या. "कातडी, आतडी, यकृत, सगळं. तुमच्या अंगात ते एकाच गोष्टीला हात लावणार नाहीत."

दिगंबरचा हात ओटीपोटावर, अक्काच्या मूत्रपिंडावर गेला.

"आणि अक्का, तुमचं रक्त तपासलं. उरलेलं मूत्रपिंड थकलंय. पाय कधीपासून सुजतात?"

"चपला घट्ट आहेत," अक्का म्हणाली.

पुन्हा त्वचा

"मॅडम, माझ्यातलं मूत्रपिंड काढून अक्काला बसवलं, तर तिला ओळखपाठ लागेल?"

"नाही. ते त्यांचंच आहे."

"त्यात लपलेल्या वाईट पेशी?"

"त्यांचे रक्षक बघून घेतील. पण तुमच्या गाठी जाणार नाहीत, दिगंबर. जहाल औषधं देऊन बघेन. फार आशा नाही."

"दिगू, गप बस," अक्का म्हणाली. "मी काय उसनं दिलं होतं?"

"नव्हतं दिलं उसनं. पण माझ्याबरोबर सरणावर कशाला चढवतेस त्याला?"

अक्काने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याने तिचा हात ओढून घेतला, गाठीला वळसा घालून आपल्या मनगटावर टेकवला. ती सोडवून घ्यायला लागली, तशी त्याने वरून आपली बोटं दाबली.

"बघ ना. थरथर चालू आहे अजून. मशिनला एवढीच लागते."