किनाऱ्याचा पुढचा तुकडा

क्रांती चौकातल्या सजावटीच्या दुकानातून केयूरनं थर्माकोलची जाड शीट आणली, तेव्हा त्याच्या डोक्यात रविवारच्या खेळाशिवाय काही नव्हतं. शेंद्र्याच्या कारखान्यातला हा इंजिनीअर सुटीत मित्रांबरोबर टेबलावर आरमारी लढाया खेळायचा. जहाजं आगकाडीएवढी. त्यांना शोभेल असा किनारा या कोरड्या मुलखात कुठं मिळणार? त्यानं थर्माकोल तासून कडे काढले, बाभळीच्या सालीचे खडक केले, स्पंज कुस्करून झाडी लावली, कडेला निळ्या रंगानं समुद्राचं पाणी रंगवलं, आणि पैठणची वाळू मलमलीतून गाळून पुळण पसरली.

अंबिकाबाई चहा घेऊन आल्या, आणि कप त्यांच्या हातातच राहिला.

"केयूर, हे तू कुठं बघितलंस?"

"कुठंच नाही, आई. मनानंच केलंय."

"मनानं?" त्यांनी एका खडकावर बोट ठेवलं. "इथं मी चपला काढल्या होत्या..."

केयूरचा थोरला भाऊ सत्यम, नऊ वर्षांचा, कोकणात बुडाला होता. सापडला नाहीच. केयूर तेव्हा जन्मलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुळणीवर बारीक टोचे दिसले. केयूरनं भिंग लावलं. डावं, उजवं, डावं... पाण्यातून निघून वर येणारी पावलं! मुंगी असेल म्हणून त्यानं ब्रशनं वाळू सारखी केली. संध्याकाळी ती पुन्हा उमटली होती. पण पाण्यापासून नाही, जिथवर पुसली होती तिथून पुढं.

भीती वाटायला हवी होती. पण केयूरला भिंगापासून डोळा हलवावासा वाटेना. अंबिकाबाई तर टेबलापासून उठेनातच. कित्येक वर्षांनी त्या पोटभर जेवल्या, काम करताना गुणगुणायला लागल्या. ते पाहून केयूरनं खेळातल्या मित्राला, आदिनाथला, फोन करून रविवारचा खेळच रद्द केला.

पावलं शीटच्या कडेला येऊन थांबली.

"पुढचा तुकडा कर," अंबिकाबाई म्हणाल्या.

"कशाचा, आई?"

"घाटाचा. वाट नसेल तर लेकरू घरी येणार कसं?"

केयूरनं घाट केला, वर चाळलेली माती भुरभुरली आणि तो किनाऱ्याला जोडला. चिमुकली पावलं वळणावळणानं चढली, एका खडकाशी टेकली, मग दाट झाडीत शिरली. पुढं काहीच नाही. अंबिकाबाईंचं जेवण पुन्हा सुटलं.

मग एका दुपारी त्यांची हाक आली. "आला रे! पलीकडून निघाला बघ! आता सपाटी कर, पार आपल्या दारापर्यंत. मी माती चाळते." डोळे पुसत त्या स्वयंपाकघरात गेल्या.

केयूर भिंग घेऊन वाकला. झाडीत शिरलेली पावलं जवळजवळ पडलेली, पोराची होती. बाहेर निघालेली मात्र लांब टांगांची, मातीत खोल रुतलेली.

त्यानं चिमट्यानं स्पंजची झाडी हळूच बाजूला केली. आत चिमुकली पावलं एका जागी घुटमळली होती. गोल गोल... तिथून ती कुठंच गेली नव्हती.

आणि ती दुसरी? ती घाट उतरून आली होती आणि तुकड्याच्या कडेला, जिथं पुढचा तुकडा जोडायचा नेमक्या तिथं, येऊन उभी होती.

आत चाळणी थांबली.

"केयूर, झाली बघ माती... लावतोस ना?"