बेंचवरची टकटक

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. माझ्या धाकट्या मामांवर हे भर दुपारी, मंगळवारी, त्यांच्या स्वतःच्या दुकानात बेतलं.

दोघे मामा मिळून व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे, जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचे. अ‍ॅम्प्लिफायर बंद केला तरी त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठून राहते. तो रिकामा करायचं काम धाकट्यांचं.

दुकानात कायम काहीतरी मोठ्यानं वाजत असायचं. बोललेलं ऐकू यायचं नाही, बेंचवरची टकटक मात्र हाताला जाणवायची. त्यामुळे आत हात घालण्याआधी थोरले बेंचवर पेन्सिल वाजवायचे.

टक, टक, टक. म्हणजे, "रिकामा केलास?"

धाकटे एकदाच वाजवायचे. टक. "केला."

सहा महिन्यांपूर्वी थोरले त्याच बेंचवर शॉक लागून गेले. धाकट्यांनी सगळ्यांना सांगितलं, "दादानं विचारलंच नाही. घाई केली."

त्या मंगळवारी थोरल्या मामी दुकानात आल्या. सोबत घरचा अ‍ॅम्प्लिफायर.

"भाऊजी, एवढा नीट करा हो. त्यांची तेवढीच आठवण आहे."

मामी समोर स्टुलावर बसून राहिल्या. धाकटे कामाला लागले. घरघर होती, जुना कपॅसिटर बदलल्यावर गेली. आवाज वाढवताना खरखर व्हायची, बटण साफ केल्यावर तीही गेली.

एक आवाज मात्र राहिला.

डाव्या स्पीकरमधून... टक, टक, टक.

"हाच तो," मामी म्हणाल्या. "रोज दुपारी येतो."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. थोरले बेंचच्या डावीकडेच बसायचे.

व्हॉल्व्ह खराब असेल, त्यांनी स्वतःला बजावलं. डावा व्हॉल्व्ह काढून उजवीकडे लावला. दोष व्हॉल्व्हचा असता तर आवाजही उजवीकडे गेला असता.

गेला नाही.

पिना घासल्या. नवा व्हॉल्व्ह लावला. शेवटी सगळेच व्हॉल्व्ह उपटले, प्लगही काढून बेंचवर ठेवला. आता आवाज यायला वाटच नव्हती.

तरीही... टक, टक, टक.

"थांब ना रे दादा!" मामा रडकुंडीला आले.

मामी चमकल्या. "दादा? भाऊजी, काय आहे हे?"

मामांना सांगावंच लागलं. खूण काय, ती कशासाठी, सगळं.

मामी हळूच म्हणाल्या, "एवढं विचारणारा माणूस... त्या दिवशीच कसा विसरला?"

"काय माहीत, वहिनी."

"की विचारलं होतं? आणि तुम्ही उत्तर दिलंत?"

'नाही' म्हणायला मामांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात स्पीकरमधून...

टक.

एकदाच.

मामींनी बेंचवरचा प्लग उचलला. उलटसुलट करून पाहिला आणि होता तिथे ठेवला. मग निघून गेल्या. अ‍ॅम्प्लिफायर तिथेच सोडून.

"दिलं होतं रे मी उत्तर," मामा नंतर मला म्हणाले. "नादात होतो. रिकामा न करताच वाजवलं. त्यानं माझ्या भरवशावर हात घातला."

मामी आता त्यांच्याशी बोलत नाहीत. अ‍ॅम्प्लिफायर दुकानातच आहे, व्हॉल्व्ह नसलेला. परवा दुपारी मी तिथे होतो. तीन वेळा वाजलं. मीही ऐकलं, स्वच्छ.

मामा पेन्सिल उचलून बसले. किती वेळा वाजवावं, त्यांना कळेना.

'नाही केला' याची खूण त्या दोघांनी कधी ठरवलीच नव्हती.