तिसरं पान

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं. पण हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय आणि मी पदरचं काही घातलेलं नाही.

साल १९४६. भाद्रपद महिना. अकोले तालुक्यात रतनगडाच्या अंगाला एक डोंगरवाडी आहे, तिथली ही गोष्ट.

आणि रात्र नव्हती. दुपार होती.

मरियम मावशी तेव्हा नगरला मुलींच्या शाळेत शिकवायची. त्याच वर्षी चैत्रात तिचा नवरा अब्राहाम क्षयाने गेला होता. ती रडली नाही. दफन झालं, लोक येऊन गेले, ती शाळेत जायला लागली. भाकरी करायची, पण खायची विसरायची. चटका बसला तरी हात मागे घ्यायला वेळ लागायचा. आतून काहीतरी बंदच पडलं होतं.

त्यात स्वित्झर्लंडहून एक बाई आली. एल्सा तिचं नाव. ती स्वतःही डोंगरातलीच. आपल्या डोंगरात कोणत्या वनस्पती उगवतात, माणसं त्यातलं काय खातात, औषधाला काय लावतात, कोणती गाणी म्हणतात, हे शिकायला ती इतक्या लांब आली होती. तिला इंग्रजी जाणणारी, सोबत राहणारी एखादी बाई हवी होती. मावशी लगेच हो म्हणाली. घरात बसण्यापेक्षा कुठेही बरं.

वाडीत कारभारी नावाच्या शेतकऱ्याच्या पडवीत दोघींची सोय झाली. कारभारीची आई बनुबाई चांगली म्हातारी, बोलकी. एल्साबाई पाला दाखवायची, बनुबाई नाव सांगायची, मावशी इंग्रजी करून द्यायची. असे दिवस चालले होते.

त्या दिवशी दोघी वरच्या उतारावर गेल्या. कारवी फुलली होती. अख्खा डोंगर जांभळा. मधमाश्यांचा नुसता घोंगाट.

एल्साबाई पुढे, मावशी मागे. आणि मग धुकं उतरलं.

पावसाळ्यात तिथे धुकं उतरतंच. त्यात नवल नव्हतं.

नवल होतं ते दुसरंच...

माश्यांचा आवाज थांबला. हळूहळू नाही. एकदम.

दोघी उभ्या राहिल्या. पाखरू नाही. वारा नाही. पानावरून पाणी टपकत होतं, पण त्याचाही आवाज येत नव्हता.

आणि मग आला...

धप्. धप्. धप्.

कुणीतरी उखळात भात कांडत होतं.

एल्साबाईचा चेहरा खुलला. माणसं आहेत म्हणजे वाट सापडेल. दोघी आवाजाच्या रोखाने चालत गेल्या. कारवीतून बाहेर पडल्या तर समोर कुडाचं घर. दारात एक बाई मुसळ घेऊन उभी. चाळिशीची असेल. कपाळावर गोंदण.

"या," ती म्हणाली. "लई येळ लावला."

जशी काही वाटच बघत होती.

आत चूल पेटलेली होती. मावशीचं लुगडं चिंब भिजलेलं. ती चुलीशी बसली, हात पुढे केले. जाळ चांगला मोठा होता...

ऊब नव्हती.

मावशी मला म्हणाली होती, "मला त्याचं काही वाटलंच नाही गं. कित्येक महिने मला कशाचीच ऊब लागत नव्हती. म्हटलं, माझ्याच हातांचं काहीतरी झालंय."

बाईने रानकेळीची पानं मांडली. नाचणीची भाकरी आणि कसलीशी पालेभाजी वाढली. एल्साबाई खूश. तिने भाजीचं नाव विचारलं, तिचा एक देठ आपल्या पत्र्याच्या डब्यात टाकला आणि घास घेतला.

चावता चावता ती थांबली. हळूच मावशीला म्हणाली, "याला चवच नाही. कसलीच."

मावशीने घास घेतला नव्हता. तिचं लक्ष पानांकडे होतं.

दोघी पाहुण्या. पानं तीन.

"तिसरं कुणाचं, बाई?" मावशीने विचारलं.

बाई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली,

"तुझ्या मानसाचं."

मावशीने वर पाहिलं.

"आत निजलाय. तू हाक मार, उठंल त्यो. माझं न्हाई ऐकत."

आतल्या खोलीला दार नव्हतं, नुसता अंधार होता. त्या अंधारातून...

खोकला आला.

दोनदा, कोरडा. मग मध्ये श्वास. मग पुन्हा एकदा, लांबलेला.

दोन वर्षं मावशी रोज त्या खोकल्याशेजारी झोपली होती. हजारांत ओळखला असता तिने.

ती भ्यायली नाही. आनंदली नाही. प्रार्थना म्हणावीशी वाटली, पण "आमच्या स्वर्गातील बापा"च्या पुढचा शब्द आठवेना. ती फक्त तोंड उघडून बसली होती. हाक ओठांपर्यंत आली होती.

तेवढ्यात एल्साबाईने विचारलं, "आत कोण आजारी आहे?"

म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं.

आणि मावशीचा चेहरा बघून तिला काय कळलं कोण जाणे. तिने मावशीचं मनगट धरलं, उठवलं, ओढत बाहेर काढलं. दोघी धुक्यातून, कारवी तुडवत, मिळेल त्या वाटेने खाली सुटल्या.

मागून बाईचा आवाज आला. रागाचा नव्हता.

"आगं, जेवून तरी जा..."

मावशी म्हणायची, "एल्साबाईने ओढलं नसतं तर मी तिथेच राहिले असते. मला उठायचं नव्हतं."

वाडीत आल्या तेव्हा ऊन पडलं होतं. बनुबाई अंगणात बसली होती. मावशीने सगळं सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली. मग एल्साबाईने डब्यातला देठ काढून दाखवला.

बनुबाईने तो हुंगला. मग ती मावशीकडे वळली.

"ही भाजी निस्ती वरल्या वाडीत हुती. कपाळाला गोंदन हुतं का? आन डावी भिवई तुटल्याली?"

"होय आजी."

"मनकर्णा अक्का माजी. थोरली भन. वरल्या वाडीत दिली हुती." म्हातारी देठाकडेच बघत होती. "मानमोडी आली तवा ताप येऊन आख्खी वाडी मेली. कोन पानी पाजायला ऱ्हायलं न्हाई. आमाला खालच्यांना वर जाऊ दिलं न्हाई."

मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, ती साथ येऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती.

मग म्हातारीने विचारलं, अगदी हळू...

"माजी याद काडली का तिनं?"

मावशीला खोटं बोलता आलं नाही. "नाही, आजी."

"मी दर साली जाती वर. भाकर घिऊन जाती. हाका मारती. मला कदी दार सुदीक दिसलं न्हाई पोरी. आन तू परकी... तुला बलवून जेवाया वाडलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारी दोघींना वर घेऊन गेला. बनुबाई नको नको म्हणताना काठी टेकत आलीच. आभाळ निरभ्र होतं. माश्या घोंगावत होत्या.

घर नव्हतं.

दगडी जोती तेवढी होती, गवताने झाकलेली. त्यातूनच कारवी वाढलेली. उखळाचा दगड फुटून पडलेला.

जोत्यावर रानकेळीची तीन पानं होती. हिरवीगार, कालची.

पहिल्यावर तुकडा मोडलेली भाकरी. दुसऱ्यावर अख्खी. दोन्हींवर मुंग्यांचा काळा थर.

तिसरं पान...

स्वच्छ होतं. चाटूनपुसून जेवल्यासारखं. त्याच्याकडे एक मुंगी फिरकली नव्हती.

कारभारीने हात जोडले. "चला खाली, मास्तरीनबाई. हितं थांबू नगा."

बनुबाई जोत्यावर बसली. "अक्काऽऽ" म्हणून तिने हाक मारली. एकदा, दोनदा. डोंगरावरून तिचाच आवाज परत आला. तिने मावशीचा पदर धरला.

"तू मार गं हाक. माजी पोचत न्हाई तिला."

मावशी त्या तिसऱ्या पानासमोर उभी होती. अब्राहाम गेला तेव्हा त्याच्या घशाखाली पाण्याचा थेंबही उतरत नव्हता. उपाशी गेला होता तो.

तिने मनकर्णेला हाक मारली नाही.

ती खाली वाकली आणि साध्या आवाजात, घरात बोलावं तसं म्हणाली,

"जेवलात ना? मग निजा आता."

एल्साबाई पुढच्याच आठवड्यात आपल्या देशी परतली. बनुबाई त्या हिवाळ्यात वारली. मावशी मात्र खूप जगली. दुसरं लग्न केलं नाही, शाळा सोडली नाही.

ही गोष्ट तिने मला सांगितली तेव्हा मी साहजिकच विचारलं, "मग? पुढे काय झालं?"

"त्यांचं उत्तर आलं," मावशी म्हणाली.

"काय उत्तर आलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. भीती नव्हती तिच्या डोळ्यांत. काहीच नव्हतं. ती उठली आणि चुलीपाशी जाऊन भाकरीचं पीठ मळायला लागली.

मी नंतरही पुष्कळदा विचारलं. ती प्रत्येक वेळी अशीच उठून जायची.

त्या डोंगराकडे मी अजून गेलेले नाही. जाणारही नाही.