उंबराला बांधलेलं निशाण

मनस्वीचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. हळदीच्या आदल्या सकाळी ती बापासमोर उभी राहिली. "आजी येणार नसेल तर मी खाणीच्या आईला नारळ द्यायला जाणारच नाय, पप्पा!"

मितेशच्या हातातला चहा तसाच राहिला. ओवे गावाच्या वर, डोंगरात, त्यांची जुनी दगडखाणीची वस्ती. ती उठून खाली आली, तरी लग्नाचा पहिला नारळ वरच्या देवीला द्यायचा, आणि तो सुरुंगाच्या इशाऱ्याचा रूळ वाजवणाऱ्या बाईच्या हातून, ही रीत राहिली होती. रूळ वाजवणारी शेवटची बाई म्हणजे हौसा, मितेशची आई... जिच्याशी तो कळता झाल्यापासून बोलला नव्हता!

"जी निशाण दाखवायला विसरली, तिच्या हातचा नारळ?" तो म्हणाला.

हौसा दारातच होती. तिनं पदर सारखा केला. "चल पोरी, ऊन चढंल." मितेशही मागून निघाला.

वर घरांना छपरं नव्हती, चुलींतून झाडं उगवली होती. इथल्याच दगडावर खालचं शहर उभं राहिलं, मग त्याच्या इमारती डोंगराला भिडल्या, सुरुंग बंद झाले आणि माणसं उतरून गेली. खाणीच्या खड्ड्यात हिरवं पाणी साचलं होतं... त्यावर एक पाखरू फिरकत नव्हतं.

काठावरच्या उंबराला लोखंडी रुळाचा तुकडा टांगलेला. सुरुंगाआधी तो बडवायचा आणि लाल निशाणही हलवायचं, कारण स्फोटांनी कान गेलेले गडी फक्त निशाण बघून पळत. मितेश लहान असताना एका दुपारी रूळ वाजला, निशाण हललं नाही, आणि हौसाचा बहिरा नवरा प्रभाकर खड्ड्यातच राहिला. "विसरलीस?" वस्तीनं विचारलं. हौसानं होकाराची मान हलवली, आणि तो डाग जन्मभर कपाळी घेतला.

आता हौसानं उंबराखालच्या देवीपुढे नारळ ठेवला. वारा पडलेला. आणि रूळ वाजला... ठण्ण!

"आजी, कोण वाजवतंय?"

"तुझा आजा. रोज दुपारी मना खालपर्यंत ऐकू येतं. इचारतो, निशाण कुठं हाय?"

रूळ थांबवायला मितेश पुढे धावला. भर उन्हात लोखंड बर्फासारखं गार! दचकून त्यानं खोडाचा आधार घेतला, आणि हाताला साल नव्हे, कापड लागलं. लहान मुलाच्या कमरेएवढ्या उंचीवर लाल पट्टी खोडात शिरली होती, गाठ झाडानं गिळली होती. त्याच्या कमरेला एकदम ओढ बसली... तीच, जी जन्मभर स्वप्नात बसत आली होती!

"आये... मला इथं बांधलं होतंस?"

"खड्ड्यात, बाच्याकडं धावत सुटला व्हतास. तुला धरू का रूळ बडवू? मना हात दोनच, बाला. निशाणानं तुला बांधला, रूळ बडवला, हात हलवलं... तुझ्या बानं लालच शोधलं."

"मग बोलली का नाय कधी?"

"काय बोलू? तुझ्यापायी तुझा बा गेला, म्हणून?"

मितेश तिच्या पायांवर कोसळला. रूळ वाजतच होता. हौसानं नारळावरचा लाल खण उचलला, काठावर जाऊन दोन्ही हातांनी उंच हलवला. "आवं, या वर... या आता!"

रूळ थांबला. पाण्यावर एकच तरंग आला आणि काठाला लागून विरला.

हौसा त्याच वर्षी, दिवाळीच्या पाडव्याला दुपारी गेली. उशाला मितेश होता.