राखणदाराने पुसलेली ओळ

बाबल पुजारे दुपारी जेवून सोसायटीत परतले, तेव्हा सकाळी फोडलेला नारळ सर्व्हरच्या कपाटापुढे तसाच होता आणि अक्षता शिगवण कपाळाला आठ्या घालून पडद्याकडे पाहत होती.

देवगडजवळच्या या बागायतदार सोसायटीने प्रत्येक हापूस कलमाला एक स्पंदपट्टी बांधली होती. खोडातले अतिसूक्ष्म विद्युतसंदेश ती टिपायची आणि झाड तहानलं की सर्व्हर ठिबकचं पाणी सोडायचा. झाडांनी कळवलेली ओळ न ओळ डिस्कवर नोंदली जाई. पण डिस्क भरली की नोंद थांबे, आणि नोंदीबरोबर पाणीही. मोहोराला वाटाण्याएवढी कणी धरली होती. या दिवसांत पाणी चुकलं तर कणी गळते आणि बागायतदाराचं वर्ष पाण्यात जातं.

म्हणून चिपळूणहून अक्षताला बोलावलं होतं. तिने लिनक्सवर एक पहारा बसवला. दर थोड्या वेळाने डिस्क मोजायची, नोंदी चाळायच्या, जागा संपत आली की मोबाइलवर कळवायचं आणि निरुपयोगी वाटेल ते पुसायचं. या प्रोग्रामला तिने नाव दिलं 'राखणदार'. आता कोकणात राखणदार म्हणजे गावाची राखण करणारा देव; त्याला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय कोण राहतो? अध्यक्ष बाबलकाकांनी सर्व्हरपुढे नारळ फोडला, बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणाले आणि अक्षताने हसू दाबलं.

राखणदाराने लगेच डिस्कची जागा खाणारा चोर पकडून दिला. बांधावरच्या म्हाताऱ्या कलमाची पट्टी एकच ओळ सारखी पाठवत होती. पट्टी बिघडली असं धरून अक्षताने ती फाइल पुसायला लावली. फाइल दिसेनाशी झाली, पण डिस्क भरलेलीच राहिली. जेवणाच्या वेळेला पाणी थांबलं.

"बंद करून परत चालू कर गो," म्हणत काकांनी बटणाकडे हात नेला. "आमचो टीव्ही तसोच वळणावर येता."

"थांबा, काका. फाइलचं नाव पुसलंय, पण नोंदी लिहिणाऱ्या प्रोग्रामने ती अजून उघडून धरलीय. तो सोडत नाही तोवर जागा सुटायची नाही. बंद केलंत तर मात्र ती कायमची गेली."

"मगे जावंदे. कचरोच मां तो?"

हे सकाळी तिनेच सांगितलं होतं. आता तिला तसं म्हणवेना. बिघडलेली पट्टी एकतर गप्प बसते, नाहीतर वाटेल ते बरळते. ही मध्येच थांबत होती आणि पुन्हा तेच सांगत होती.

"तुम्ही पाण्याची झडप हाताने उघडा. मी तेवढ्यात फाइल बाहेर काढते."

काका पुटपुटत बागेत गेले. अक्षताने त्या धरून ठेवलेल्या फाइलची प्रत लॅपटॉपवर उतरवली आणि शेजारच्या झाडांच्या नोंदी तिच्याजवळ लावून पाहिल्या. तीच ओळ तिथेही होती. आधी म्हातारं कलम, मग त्याचे शेजारी, मग उतारावरची खालची रांग. ओळ पुढे पुढे सरकत होती. तिने काकांना फोन लावला आणि म्हाताऱ्या कलमाचा मोहोर बघायला सांगितला.

काकांनी फांदी वाकवली तसे तुडतुडे भुर्रकन उडाले. पानं चिकट झाली होती. खालच्या रांगेत अजून एकही कीड नव्हती, तरी तिथल्या पट्ट्या तेच सांगत होत्या.

"म्हणजे ह्यां झाड बाकीच्यांका सांगत होतां?" काकांचा आवाज फोनवर अगदी बारीक झाला.

"हो. आणि मी त्याला गप्प बसवायला निघाले होते," अक्षता म्हणाली. तिला मनापासून वाईट वाटलं.

फवारणी वेळेत झाली आणि कणी टिकली. सर्व्हर बंद करून चालू करण्याचा मान मात्र काकांनीच घेतला. अक्षताने राखणदाराचा नियम बदलला: तीच ओळ पुन्हा पुन्हा आली तर पुसायची नाही, माणसाला हाक मारायची.

आंबे अंडाकृती होऊ लागले त्या सुमारास राखणदाराने हाक मारली. म्हाताऱ्या कलमाची नवी ओळ होती, आजवर कधी न आलेली. काकांनी झाड फांदीन् फांदी तपासलं. कीड नाही, मुळाशी ओल भरपूर, आभाळ स्वच्छ. ते सोसायटीत आले तोवर ओळ समुद्राकडच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचली होती.

काकांनी चिपळूणला फोन लावला.

"अक्षता," त्यांनी विचारलं, "आता ही झाडां कसली वर्दी देतत गो?"