गरुडाची चोच आणि शाल्मलीचे गाल

परबांच्या दशावतारी कंपनीला एक कोडं पडलं होतं आणि ते शाल्मलीच्या तोंडावर उमटलेलं असल्यामुळे सगळ्यांना रोज दिसत होतं.

कोडं असं. शाल्मलीचे आजोबा गुणाजी परब पन्नास वर्षं तोंडाला रंग लावत आले होते. लाल, पिवळा, काळा, नाटकाला लागेल तो. नाटक संपलं की ओंजळभर खोबरेल घ्यायचं, तोंडावर फासायचं आणि धोतराच्या सोग्याने खसाखसा पुसायचं. एवढं करून त्यांचे गाल अजून गुळगुळीत होते. तेरा वर्षांची शाल्मली तोच रंग लावत होती, तेच खोबरेल वापरत होती आणि आजोबांपेक्षा दुप्पट मेहनतीने तोंड घासत होती. तिच्या कपाळावर, गालांवर आणि हनुवटीवर मात्र लाल फोड उठले होते. ती जितकं जास्त घासायची तितके ते वाढत होते.

तसा काळ पुष्कळ पुढे गेला होता. कंपनीचा टेंपो चालकाशिवाय गावोगाव फिरत होता, पेटाऱ्याला चाकं आली होती आणि रंगमंचावरचे दिवे हवेत तरंगत होते. मुली दशावतारात काम करतात याचं कुणालाही नवल राहिलं नव्हतं. पण कंपनीचा एक नियम आजोबांच्या आजोबांपासून तसाच चालत आला होता. पहाटे नाटक संपलं की गरम पेज शिजवायची, सगळ्यांनी एका पंगतीला बसायचं, पण तोंडावर रंगाचा ठिपका असेपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही. देवाचा किंवा राक्षसाचा रंग लावून माणसाने जेवू नये, असं आजोबांचं म्हणणं.

आता रात्रभर नाचून पोटात कावळे ओरडत असताना, समोर पेजेची वाफ दिसत असताना, कोण सावकाश रंग उतरवील? शाल्मलीने यावर स्वतःच एक उपाय काढला होता. खोबरेल लावायचं, त्यावर भांडी घासायचा साबण घ्यायचा आणि नारळाच्या काथ्याने तोंड घासून काढायचं. चटकन काम व्हायचं. पेज मिळायची. पेजेबरोबरचं लोणचं गालाला लागलं की डोळ्यांत पाणी यायचं, ते ती कुणाला दाखवत नसे.

गावची जत्रा महिन्यावर आली होती. त्या जत्रेत शाल्मली पहिल्यांदाच अभिमन्यू करणार होती. तीन वर्षं तिने गणपतीमागे उभं राहण्याची आणि राक्षसाकडून मार खाण्याची कामं केली होती, ती या एका भूमिकेसाठी. आणि नेमकं तेव्हाच आजोबांनी एका सकाळी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"गो, ह्या काय झाला?" ते म्हणाले. "सगळा तोंड सोलून काढलंस."

"काय नाय, आबा. कमी जातला."

"पन्नास वर्सां खोबरेल लावतंय, माका एक फोड इलो नाय." आजोबांनी तिचा दुसरा गालही पाहिला. मग हात काढून घेत म्हणाले, "ह्या तोंडार मी रंग लावूचो नाय. जत्रेपर्यंत बरा झाला तर बघूया. नायतर सोनू करतलो अभिमन्यू."

सोनू हा तिचा आतेभाऊ. त्याला अभिमन्यूचे संवाद येत नव्हते, पण त्याचे गाल स्वच्छ होते. शाल्मलीला रडू फुटलं. चारचौघांत रडायचं नाही म्हणून ती उठली आणि तडक देवळात गेली.

देवळात सावकाशराव होते.

सावकाशराव म्हणजे यंत्रमानव. बांबूसारखे उंच आणि सडसडीत, हात लांब, बोटांच्या टोकांना कापसाचे बोळे. सरकारने त्यांना चित्रसंवर्धनासाठी (जुनी चित्रं जपण्याच्या कामासाठी) पाठवलं होतं. देवळाच्या भिंतींवरची चित्रं समईच्या काजळीने काळी पडली होती आणि ती काजळी काढायला हे यंत्र दिवाळीपासून उभं होतं. एवढ्या दिवसांत त्याने हातभर भिंत साफ केली होती. त्याचं खरं नाव काही आकडे आणि अक्षरं मिळून झालेलं होतं. गावाने कामाचा वेग बघून त्याला सावकाशराव करून टाकलं आणि ते त्या नावाला ओ देऊ लागले.

"तू चार मिनिटं झाली हुंदके देते आहेस," सावकाशराव भिंतीकडेच बघत म्हणाले. "हुंदक्यांबद्दल मला फार माहिती नाही. कारण सांगितलंस तर विचार करता येईल."

शाल्मलीने शाळेतल्या मराठीत सगळं सांगितलं. काथ्याचं सांगताच यंत्राचे हात थांबले. दिवाळीपासून ते कधी थांबले नव्हते.

"इकडे ये," ते म्हणाले. "हा गरुड बघ."

भिंतीवर मोठा गरुड होता. पंख पसरलेले, डोळा लखलखीत. पण चोचीच्या जागी नुसता पांढरा चुना.

"फार पूर्वी कुणीतरी मनापासून साफसफाई केली," सावकाशराव म्हणाले. "काजळी घासून काढली. काजळीबरोबर चोचही गेली. त्या माणसाला नक्कीच समाधान वाटलं असेल, कारण भिंत स्वच्छ दिसत होती."

शाल्मली त्या पांढऱ्या डागाकडे बघत राहिली. तिचा हात नकळत स्वतःच्या गालावर गेला.

"माझ्या गालांवर चित्र नाहीये पण," ती म्हणाली.

"भिंत आहे. तुमच्या गावातली घरं कशाची बांधतात?"

"चिऱ्याची."

"मग सोपं आहे. तुझ्या त्वचेच्या अगदी वर शृंगस्तर (मृत पेशींचा पातळ थर) असतो. त्या चपट्या पेशी म्हणजे चिरे. त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा चुना भरलेला असतो. ही भिंत आतलं पाणी आत ठेवते आणि बाहेरचे जंतू बाहेर. काथ्याने तू चिरे उपटलेस. भांड्यांचा साबण बहुधा अल्कधर्मी (आम्लाच्या उलट गुणाचा) असतो आणि त्वचेला थोडीशी आम्लता हवी असते. त्या साबणाने तो चुनाही धुऊन नेला. आता भिंतीला भगदाडं आहेत, म्हणून लोणचं झोंबतं."

"तुम्हाला लोणच्याचं कसं कळलं?"

"नुसता अंदाज. झोंबतं ना?"

शाल्मलीने मान हलवली. मग तिने तो प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर अख्ख्या कंपनीकडे नव्हतं. "आबांना का नाही होत काही?"

"कारण त्यांची भिंत आणि तुझी भिंत एक नाही. त्वचेत बारीक रंध्रं (छिद्रं) असतात आणि त्यांच्या तळाशी तेलग्रंथी. तुझ्या वयात त्या ग्रंथी जोरात काम करतात. आजोबांच्या वयात त्या निवृत्तीला आलेल्या असतात. तुझ्या रंध्रांत आधीच तेल भरपूर. त्यात मृत पेशी अडकल्या की बूच बसतं, बुचामागे जंतू वाढतात आणि फोड येतो. खोबरेल काहींच्या त्वचेला चालतं, पण काहींच्या रंध्रांत ते बूच घट्ट करायला मदतच करतं. तू वरून आणखी तेल ओतलंस."

"मग तेल लावायचंच नाही?"

सावकाशरावांनी एक करवंटी मागवली. शाल्मलीने ती आणि रंगाची डबी धावत जाऊन आणली. त्यांनी करवंटीवर लाल रंगाचा पट्टा ओढला आणि त्यावर पाणी ओतलं. पाणी थेंबाथेंबांनी घरंगळून गेलं, रंग तसाच.

"तुमचा रंग तेलात कालवलेला. पाण्याला तेलाशी जमत नाही. तेलाचं मात्र तेलाशी लगेच जमतं, म्हणून तुझ्या आजोबांची मूळ कल्पना अगदी बरोबर आहे." त्यांनी आपल्या खणातून एक कुपी काढली. "हे हलकं तेल. त्यात एक जादा गोष्ट आहे, असे रेणू ज्यांचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं आणि शेपूट तेलाकडे."

त्यांनी दोन थेंब करवंटीवर टाकले आणि काही न करता उभे राहिले. शाल्मली वाट बघून कंटाळली.

"पुसा ना आता!"

"वेळेला काम करू दे. हात लावण्याची घाई माणसांना फार."

थोड्या वेळाने रंग आपोआप तेलात मिसळून ओघळू लागला. मग त्यांनी पाणी टाकलं आणि तेल एकदम दुधासारखं पांढरं झालं.

"त्या रेणूंनी शेपट्या आत वळवून तेलाचे आणि रंगाचे बारीक कण वेढून घेतले. या गोळ्यांना मायसेल (डोकी बाहेर आणि शेपट्या आत अशा रेणूंचे अतिसूक्ष्म गोळे) म्हणतात. गोळ्याची बाहेरची बाजू पाण्याला आवडते, म्हणून पाणी त्यांना सोबत घेऊन जातं." त्यांनी कापसाचा बोळा करवंटीवर टेकवला आणि घासण्याऐवजी नुसता लोटत नेला. करवंटी स्वच्छ झाली. "घासायचं नाही. लोटायचं."

शाल्मलीने ताबडतोब कुपीकडे हात नेला. सावकाशरावांनी ती उंच धरली.

"ही भिंतीची आहे. माझं ज्ञान चित्रांपुरतं. कातडीचं कातडीच्या माणसाला विचारू."

त्यांच्या छातीवरचा पडदा उजळला आणि तालुक्याच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर सामंत दिसू लागल्या. त्यांनी शाल्मलीचा चेहरा मोठा करून पाहिला, काथ्याचं ऐकून कपाळाला हात लावला आणि मग तिच्यासाठी रंग उतरवायचं सौम्य, बिनवासाचं तेल आणि साधं मलम लिहून दिलं. आधी काही दिवस गालांना पूर्ण विश्रांती द्यायची. भिंत सावरली की आठवड्यातून एकदा सॅलिसिलिक आम्लाचं अगदी पातळ द्रावण लावायचं. हे आम्ल तेलात शिरू शकतं, म्हणून रंध्रातल्या बुचापर्यंत पोचतं आणि मृत पेशींचा चिकटपणा सैल करतं. पेशी न ओरबाडता आपल्या आपण सुटतात. पण तेही आधी कानामागे लावून, दोन दिवस थांबून बघायचं.

"आम्हीही चित्राचा एक कोपरा आधी तपासतो," सावकाशराव म्हणाले. ते यंत्र होते, पण खूश झाल्यासारखे वाटले.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात गालांवरून पापुद्रे सुटू लागले आणि शाल्मलीची बोटं शिवशिवू लागली. घरात काथ्या होता, आरसा होता, आणि अंगणात सोनू अभिमन्यूचे संवाद चुकीचे म्हणत होता. एकदाच जोरात घासलं तर सगळे पापुद्रे जातील, असं तिला वाटलं. तिने काथ्या हातात घेतला. मग तो हातात तसाच धरून ती देवळात गेली आणि गरुडासमोर उभी राहिली.

"तुम्ही याला परत चोच लावणार?" तिने विचारलं.

"नाही. कशी होती ते कुणालाच माहीत नाही. उरलेलं जपता येतं, गेलेलं आणता येत नाही." यंत्राने मान वळवून तिच्या हातातल्या काथ्याकडे पाहिलं. "भिंतीला नवी चोच फुटत नाही, शाल्मली. तुझ्या गालाला फुटते. खालून नव्या पेशी सतत वर येत असतात, साधारण महिनाभरात वरचा थर नवा होतो. दोनशे वर्षं जुन्या चित्राला जे मिळत नाही ते तुला फुकट मिळालंय. फक्त हात आवरायचा."

शाल्मलीने काथ्या देवळाबाहेरच्या माडाच्या बुंध्याशी टाकला.

जत्रेच्या आदल्या सकाळी आजोबांनी पुन्हा तिची हनुवटी धरली. लाली गेली होती. हनुवटीवर दोन फोड होते आणि कपाळावर पुसट डाग. आपले गाल काही पूर्ण बरे झाले नाहीत, हे शाल्मलीला आरशाने आधीच सांगितलं होतं.

"झोंबता?" आजोबांनी विचारलं.

"नाय, आबा. शप्पथ."

आजोबांनी तिच्या कानामागे रंगाचं एक बोट लावलं आणि म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत हय काय झाला नाय, तर लावतंय." शाल्मलीला हसू आलं, कारण ही पद्धत त्यांना कुणी शिकवली ते तिला ठाऊक होतं. म्हातारा कधी देवळात जाऊन आला होता कोण जाणे.

कानामागे काही झालं नाही. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला, लढला आणि पहाटेच्या सुमारास मेला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सोनूने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या, त्याची संवादांतून सुटका झाली होती.

मग पेज आली. सगळ्यांनी आपापले रंग खसाखसा पुसले आणि पंगत बसली. शाल्मली एका बाजूला बसून गालांवर तेल लावून थांबली होती. वाफ तिच्या नाकात शिरत होती. रंग सुटायला वेळ लागणार होता, आणि नियमाप्रमाणे तोवर घास नाही. ती मान खाली घालून बसून राहिली. आपल्याला थंड पेज खावी लागणार, एवढंच तिच्या मनात होतं.

थोड्या वेळाने तिला जाणवलं की पंगतीत वाट्यांचा आवाज येत नाहीये. तिने वर पाहिलं. सगळे हात मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत होते.

"कोणीय पेजेक हात लावूचो नाय," आजोबा म्हणाले. "चेडवाचो रंग उतरूक होयो पयलो."

"थंड जातली, आबा," सोनू कुरकुरला.

"होऊंदे थंड."

आजोबा उठून तिच्यासमोर मांडी घालून बसले. त्यांनी कापसाचा बोळा घेतला आणि पन्नास वर्षं खसाखसा पुसायची सवय असलेला हात तिच्या कपाळावर टेकवून हळूच लोटत नेला. लाल रंग कापसावर आला. कपाळ मागे राहिलं.

देवळाच्या दारात सावकाशराव उभे होते. पुढच्या दिवाळीपर्यंत आणखी हातभर भिंत साफ होईल, असा त्यांचा हिशोब होता. तोवर शाल्मलीच्या गालांवर पुष्कळ वेळा नवी भिंत चढलेली असणार होती.

"जरा वाईच डावीकडे, आबा," शाल्मली म्हणाली.

"गप बस," आजोबा म्हणाले. "घाई करू नको."