माडीवरच्या खोलीसाठी विनंती

“…आणि प्रभू, या खोलीत शांत माणूस पाठव. धाडधाड जिना चढणारा नको. सकाळी उठून गाणारा तर मुळीच नको—”

“पुटपुटणारा चालेल का?”

तिने दचकून डोळे उघडले. दारात एक उंच तरुण उभा होता. खांद्याला हत्यारांची पिशवी, केसांवरून पाणी ओघळतंय, आणि ओली छत्री मात्र शहाण्यासारखी बाहेर ठेवलेली.

“तुम्ही… कधीपासून उभे आहात?”

“बऱ्याच वेळापासून. खाली तुमच्या आत्याबाई भेटल्या. म्हणाल्या, वर जाऊन खोली बघा. आलो, तर तुमचं मागणं चाललेलं. म्हटलं, यादी पूर्ण होऊ द्यावी.”

ती लाजून लाल झाली. रिकाम्या खोलीत भिंतीला हात लावून, येणाऱ्या अनोळखी माणसासाठी मोठ्याने प्रार्थना करायची, ही तिची आणि आत्याची रीत. ते तीन मजली घर दोघींनी मिळून घेतलं होतं. आत्या नर्स होती. तिचे निवृत्तीचे पैसे, हिची दातांच्या दवाखान्यातल्या नोकरीतली बचत आणि उरलेलं बँकेचं कर्ज. खाली त्या दोघी राहत, वरच्या खोल्या भाड्याने देत. भाड्यातून हप्ता जाई. थोडं शिल्लक पडलं की पुढचं घर घ्यायचं, असं तिच्या मनात होतं.

“लिफ्ट नाही वाटतं?” त्याने विचारलं.

“नाही. परवडत नाही.”

“फार छान! दिवसभर लिफ्टच दुरुस्त करतो मी. निदान घरी तरी जिना असावा.” त्याने खिडकी उघडून पाहिली. पावसाचा गार झोत आत आला. “घर तुमचंच?”

“घर देवाचं. मी नुसती कारभारीण.”

“अस्सं. आणि कारभारी?”

“ती जागा रिकामी आहे,” ती बोलून गेली आणि जीभ चावली. “म्हणजे… ही! ही खोली रिकामी आहे.”

तो हसला नाही. फक्त खिडकीबाहेर जरा जास्तच वेळ बघत राहिला.

तिने घाईघाईने अटी सांगितल्या. भाडं वेळेवर. पाणी जपून. आणि मालक-भाडेकरूंत कामापुरतं बोलणं. चहापाणी, येणंजाणं काही नाही.

“चहासुद्धा नाही? इतके वाईट दिसतो का मी?”

“तसं नाही हो. घराची किल्ली माझ्या हातात. उद्या मी चहाला बोलावलं, तर मनात नसलं तरी तुम्हाला ‘नाही’ म्हणायला जड जाईल. म्हणून मी बोलावतच नाही कुणाला.”

हे ऐकून तो गंभीर झाला. “बरोबर आहे,” एवढंच म्हणाला, आणि रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर सामान घेऊन आला.

सोमवारी सकाळी तो गायला. स्तोत्र ओळखीचं होतं, पण चाल कुठल्या कुठे गेलेली. वरच्या सुराला तर त्याने मागच्या बाजूने गाठलं. आत्या हातातला कप धरून थिजली.

“अगं, हे गाणं आहे की नळात हवा अडकलीय?”

“मी सांगते त्यांना,” ती म्हणाली. पण सांगितलं नाही. काही दिवसांनी तर तिची तयारीच त्या गाण्यावर चालू लागली. शेवटचं कडवं आलं की ती पर्स उचलून जिन्याशी येई, आणि तोही नेमका तेव्हाच खाली उतरे.

“आज तुम्हाला उशीर झाला.”

“आज तुम्ही एक कडवं जास्त गायलात.”

“ऐकता म्हणजे!”

“न ऐकायची सोय कुठे आहे?”

एवढंच. पण दवाखान्यात कुणाच्या दाढेचा साचा घेतानाही तिला मधेच हसू फुटे, आणि डॉक्टरीणबाई भुवया उंचावत. एकदा जिन्यात तिची ओढणी कठड्याच्या खिळ्यात अडकली. त्याने ती अलगद सोडवली, आणि संध्याकाळपर्यंत तो खिळा ठोकून सपाट केला. तिने ‘थँक्यू’ म्हटलं. ‘चहा घ्या’ मात्र ओठांवरून परत गेलं. नियम तिचाच होता ना!

आणि मग एके दिवशी तो दारात उभा राहिला, तिच्याकडे न बघता.

“खोली सोडतोय. महिनाअखेरीला.”

“काही… त्रास झाला का इथे?”

“छे! याच्याहून चांगलं घर नाही मिळायचं.”

“मग?”

तो मान हलवून जिना चढून गेला.

दुसऱ्या दिवशी तो गायला नाही. घर कसं सुनं सुनं झालं. चादरींच्या घड्या घालताना तिला एकदम रडूच कोसळलं.

“सांगून टाक की त्याला,” आत्या म्हणाली.

“कसं सांगू? मी मालकीण. त्याच्या मनात नसेल तर बिचाऱ्याला जाईपर्यंत तोंड लपवावं लागेल. आणि मनात असतं तर तो गेला असता का? आत्या, तू फक्त प्रार्थना कर. कुणाला बोलू नकोस.”

“मी कशाला कुणाला बोलू? देवालाच सांगणार.”

पण आत्याचा ठाम विश्वास होता की एकटीने मागण्यापेक्षा सगळ्या मंडळीने मागितलेलं लवकर पोचतं. बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभेत पाळकसाहेबांनी विनंत्या विचारल्या. कुणाचा गुडघा झाला, कुणाची परीक्षा झाली, आणि आत्या उभी राहिली. शेजारी बसलेल्या तिने आत्याचा पदर ओढला.

“मी नाव घेत नाही,” आत्या म्हणाली. “पण आपल्यातली एक घरमालकीण आहे. दातांच्या दवाखान्यात असते. तिचा जीव भाडेकरूवर जडलाय, आणि तो मेला… म्हणजे तो भला माणूस खोली सोडून चाललाय. तर त्याला सुबुद्धी व्हावी.”

सगळ्या माना वळल्या. आधी तिच्याकडे, मग शेवटच्या बाकाकडे. तिथे तो बसला होता, गीतांचं पुस्तक उलटं धरून.

पाळकसाहेब खोकले. “कोणती खोली वगैरे तपशील नकोत, बाई…”

“सगळ्यात वरची,” आत्या म्हणाली.

ती उठली आणि थेट बाहेर आली. पोर्चवर पाऊस तडतडत होता. गाल तापलेले, डोळ्यांत पाणी. मागे पावलं वाजली. तो आला आणि एक पायरी खाली उतरून तिच्यासमोर उभा राहिला, पावसातच.

“आत या, भिजाल.”

“आधी सांगू द्या. तुम्ही म्हणाला होतात, किल्ली तुमच्या हातात, म्हणून मला ‘नाही’ म्हणायला जड जाईल. मला तुम्हाला काही विचारायचं होतं. पण तुमच्या छपराखाली राहून विचारलं असतं, तर तुम्हीच अडकला असता. नकार दिलात तरी रोज जिन्यात मीच दिसणार! म्हणून दोन गल्ल्या पलीकडे खोली बघितली. खिडकी उघडली की समोर भिंत. पण तिथून येऊन विचारता आलं असतं… मोकळेपणाने.”

“काय विचारता आलं असतं?”

“तेच… जे आत्याबाईंनी आत्ता सगळ्यांना सांगितलं. माझ्या बाजूने.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. नाकाच्या टोकावरून पाणी गळतंय, आणि माणूस उत्तरासाठी श्वास धरून उभा!

“नोटीस मागे घेऊ नका,” ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. “बरं…”

“वरची खोली मला भाड्याने द्यावीच लागेल. हप्ता आहे. तुम्ही खाली राहायला आल्यावर ती रिकामी ठेवून कसं भागेल?”

“खाली? म्हणजे… तुमच्या घरात?”

“लग्न झाल्यावर. आणि आत्या तिथेच असणार. तिच्यासमोर जे बोलाल ते बुधवारी सभेत येईल, हे धरून चला.”

“येऊ दे!” तो इतक्या मोठ्याने ओरडला की वळचणीची पाखरं उडाली. तिने हसत त्याची ओली बाही धरली आणि त्याला वर, कोरड्यात ओढलं. त्याने तिचा हात सोडलाच नाही.

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की आत सभेतून हूं की चूं ऐकू येत नाहीये. सगळी मंडळी कान टवकारून बसली होती.

दार किंचित उघडलं. पाळकसाहेबांचा हळू आवाज आला, “बाळांनो… आमेन म्हणायचं का?”

तिने त्याच्याकडे पाहिलं.

“म्हणा!” दोघं एकदमच म्हणाली.